मोकळ्या जागांचा माळी

इंदूर शहराने एकदा एका गोऱ्या प्राध्यापकाला एक दिवसाचा महाराजा केले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातली ही गोष्ट. होळकरांच्या या राजधानीत प्लेगने ठाण मांडले होते. जोडीला हिवताप होताच. लोक धास्तावलेले होते. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा, विस्कटलेल्या दाढीचा हा म्हातारा साहेब आपल्या घरांवर काहीतरी संकट आणणार, अशी बोलवा गावात उठली होती. तो दिसला की लोक बोटे दाखवीत, आया पोरांना आत ओढून घेत. तेव्हा या गृहस्थाने दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली. येत्या दिवाळीत एका दिवसापुरती शहराची सूत्रे माझ्या हाती द्या, असे त्याने मागितले, आणि नवल म्हणजे ती मिळाली.

मग गावात जाहीर झाले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातले लोक आपली घरे आणि आपला रस्ता सर्वांत स्वच्छ ठेवतील, त्या भागातून ती जाईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे कोणाला वाटणार नाही? घराघरांतून वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर पडली. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, तोफा होत्या. त्यांच्या मागून घाणीचा एक अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर आला. त्यांच्याही मागून पांढरेशुभ्र कपडे आणि नवे फेटे घातलेले सफाई कामगार आले, फुलांचे हार घालून, मानाने. शेवटी माळ्यांच्या गाड्या आल्या आणि त्यांवरून घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री राक्षसाचे आणि उंदराचे दहन झाले. ज्या साहेबाला पाहून लोक दारे लावून घेत, त्याच्याकडे आता ते हसून पाहू लागले.

हे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे; पण त्यांना या विषयाची कसलीच पदवी नव्हती. खरे तर कोणत्याच विषयाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मनाने माळी. वाढत्या गावात मुलांनी खेळायचे कुठे, म्हाताऱ्यांनी टेकायचे कुठे, कामाने शिणलेल्या बाईने घटकाभर मोकळा वारा घ्यायचा कुठे, हा साधा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षे सोडला नाही. स्कॉटलंडपासून तंजावरपर्यंत आणि इंदूरपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत ते हाच प्रश्न घेऊन हिंडले.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलाटर या गावचा. वडील सैन्यात होते. पॅट्रिक तीन वर्षांचा असताना हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर एका छोट्या घरात राहायला आले. घराला बाग होती. बटाटे, भाज्या, फळझाडे आणि फुले यांत बाप-लेक दोघेही रमत. ज्ञानाचे पहिले धडे आपल्याला या बागेत मिळाले, असे गेडिस आयुष्यभर मानत. टेकडीवरून खाली पाहिले की नदी, नदीकाठचे गाव, भोवतालची शेते आणि पलीकडचे डोंगर एका नजरेत दिसत. शहर हे एकटे नसते, ते आपल्या नदीला, शेतांना आणि डोंगराला धरून असते, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात तेव्हाच ठसली असावी.

शाळा संपल्यावर वडिलांनी त्या काळच्या कोणत्याही शहाण्या बापाप्रमाणे मुलाला बँकेत चिकटवले. दीड वर्ष पॅट्रिकने पर्थमधल्या बँकेत उमेदवारी केली. काम त्याने नीट केले. पण मन रमेना. हयात बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या दीड वर्षाचे मोठे कुतूहल वाटते. जमेची आणि नावेची बाजू म्हणजे काय, हे तो तिथे शिकला असणार. पुढे जन्मभर तो शहरांचा ताळेबंद मांडत राहिला; फक्त त्यातली खाती निराळी होती.

एडिंबरो विद्यापीठात त्याने नाव घातले आणि आठवडाभरात काढून घेतले. वाळलेल्या वनस्पतींची चिरफाड त्याला मानवली नाही. तो लंडनला हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकायला गेला. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेला असताना त्याच्या डोळ्यांवर संकट आले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून बसावे लागले. दृष्टी परत आली. पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे आता जमणार नव्हते. त्या अंधारात खिडकीच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्याला विचारांची एक चौकट सुचली. जागा, तिथले काम आणि तिथली माणसे ही तीन खाती एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही वस्तीचे खरे रूप कळत नाही, असे ते सूत्र होते. सूक्ष्मदर्शक सुटला आणि जीवशास्त्रज्ञाची नजर शहराकडे वळली.

१८८६ मध्ये गेडिस यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. ॲनाबाई लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याच्या कन्या, संगीत शिकलेल्या. या नवपरिणीत जोडप्याने काय करावे? एडिंबरोच्या नव्या, ऐसपैस भागातले घर सोडून ते जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या चाळवजा, कोंदट वस्तीत राहायला गेले. सुखवस्तू लोकांनी ती वस्ती केव्हाच सोडली होती. उरले होते ते गरीब, त्यांची दाटी, घाण आणि रोगराई. गेडिस दांपत्याने भाषणे दिली नाहीत. त्यांनी झाडू हातात घेतला, भिंतींना चुना फासला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या टांगल्या. आधी शेजारी पाहत राहिले, मग एकेक जण येऊन मिळाला.

त्यानंतर गेडिस यांनी जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त करण्याचा सपाटा लावला. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली, आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांवरच सोपवला. पैसा कुठून येई? थोडा ॲनाबाईंच्या वडिलांकडचा, बाकी कर्जाचा. व्यवहाराच्या दृष्टीने हा माणूस म्हणजे कोणत्याही शाखाधिकाऱ्याची झोप उडवणारा कर्जदार होता. अखेर १८९६ मध्ये मित्रांनी एक कंपनी काढून या साऱ्या मालमत्ता तिच्याकडे घेतल्या, तेव्हा कुठे गेडिस बुडता बुडता वाचले. घरखर्चाचा मेळ ॲनाबाईच घालत. नवऱ्याच्या डोक्यात दर आठवड्याला एक नवी योजना येई आणि ती निस्तरायचे काम बायकोकडे. तीन मुलांचे शिक्षण बरेचसे घरीच, बागेत आणि भटकंतीत झाले.

एडिंबरोच्या किल्ल्याजवळ एक जुना मनोरा होता. १८९२ मध्ये गेडिस यांनी तो ताब्यात घेतला. त्याच्या माथ्यावर भिंगे आणि आरसा बसवलेली एक अंधारी खोली होती. तिथल्या पांढऱ्या मेजावर साऱ्या शहराचे हलते चित्र उमटे. आलेल्या पाहुण्याला ते आधी धापा टाकीत वर नेत, आपले गाव दाखवत, आणि मग एकेक मजला खाली उतरवीत आपला देश, युरोप आणि शेवटी जग दाखवत. आधी आपली गल्ली ओळखा, जगाचे नंतर पाहू, असा त्यामागचा विचार. पुढे या मनोऱ्यातून एक समिती जुन्या शहरात फिरली आणि पडक्या घरांच्या, उकिरड्यांच्या अशा सुमारे पाऊणशे मोकळ्या जागांची तिने नोंद केली. सगळ्या मिळून दहा एकरांच्या आसपास भरल्या. ज्या भागात इंचभर जागा नाही असे सगळे म्हणत, तिथली ही दहा एकर! त्यांपैकी काही जागांवर वस्तीतल्या मुलांसाठी बागा झाल्या. त्यांच्या आखणीत गेडिस यांची मुलगी नोरा पुढे होती.

मोठी संधी आली ती डनफर्मलिन या गावी. अमेरिकेत पोलादाच्या धंद्यात अब्जाधीश झालेले अँड्र्यू कार्नेगी मूळचे या विणकरांच्या गावातले. गावाशेजारी पिटनक्रीफ नावाची एक रम्य वाडी होती. ती खासगी होती. वर्षातून एक दिवस गावकऱ्यांना आत सोडत. पण कार्नेगींच्या आजोळचे लोक वाडीच्या मालकाशी भांडलेले असल्याने त्या घरच्या मुलांना त्या दिवशीही प्रवेश नसे. फाटकाबाहेर उभा राहिलेला तो पोरगा मोठा झाला आणि त्याने १९०२ मध्ये ती वाडीच विकत घेऊन पुढच्या वर्षी गावाला देऊन टाकली. जोडीला २५ लाख डॉलरचा निधी दिला. या जागेचे आणि पैशाचे काय करावे, हे सुचवायला विश्वस्तांनी दोघा जाणकारांना सांगितले. त्यांतले एक गेडिस.

एखाद्याने फुलांचे ताटवे आणि कारंजी काढून दिली असती. गेडिस यांनी १९०४ मध्ये आख्खे पुस्तकच दिले. गावाचा जागोजाग फिरून अभ्यास केला, ढिगाने छायाचित्रे काढली. घाण झालेला ओढा आधी स्वच्छ करा, जुनी घरे पाडू नका, बागेची कड गावाच्या वस्तीशी जोडा, मुलांना नुसते पळायला नव्हे तर माती उकरायला आणि झाडे लावायला जागा द्या, संग्रहालय, सभागृह, कारागिरांच्या कार्यशाळा या सगळ्या बागेच्या आसपास येऊ द्या, असे त्यांनी सुचवले. उद्यान, शाळा आणि वाचनालय या तीन निरनिराळ्या खात्यांच्या तीन निरनिराळ्या फायली नव्हेत, हा त्यांचा मुद्दा होता. विश्वस्तांना योजना फार मोठी वाटली. त्यांनी ती बाजूला ठेवली. दुसऱ्या जाणकाराचीही ठेवली. वाडी मात्र गावाची राहिली, आणि आजही तिथे मुले खेळतात.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना हिंदुस्थानात बोलावले. साठीचा हा माणूस थोरला मुलगा ॲलास्टर याला घेऊन निघाला. शहरांविषयीचे त्यांचे प्रदर्शन, म्हणजे अनेक वर्षे जमवलेले नकाशे, चित्रे आणि आराखडे, दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवली. आयुष्यभराची पुंजी समुद्राच्या तळाशी गेली. मायदेशीच्या मित्रांनी धावाधाव करून नवे साहित्य पाठवले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उघडले. गेडिस कपाळाला हात लावून बसले नाहीत. पुढची काही वर्षे त्यांनी या देशातली पन्नासच्या आसपास गावे पायी पालथी घातली. मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवर त्यांनी १९१५ मध्ये लिहिलेले अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये पुन्हा छापले, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

त्यांची पद्धत वैद्याची होती. औषधाआधी निदान. पहाटे उठायचे, गल्ल्यांतून हिंडायचे, देवळाच्या पारावर बसायचे, विहिरीवर कोण येते ते पाहायचे. त्या काळी नगरपालिकांचे इंजिनिअर पट्टी ठेवून नकाशावर सरळ रेघ मारत आणि तिच्याखाली येतील ती घरे पाडून रुंद रस्ता काढत. त्या घरांतली माणसे कुठे जातील, याचा रकाना नकाशात नसे. गेडिस त्याच गल्लीत दोन-तीन वेळा फिरत आणि सुचवत की हे पडके घर काढा, तो पडीक कोपरा मोकळा करा, रेघ जराशी वळवा, मधल्या चौकात एक झाड लावा आणि खाली पार बांधा. बहुतेक घरे वाचत, वारा खेळू लागे आणि खर्चही पुष्कळ कमी येई. याला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली होती. तळी बुजवण्याच्या हुकमालाही त्यांचा विरोध असे. डासांसाठी तळे बुजवायचे कशाला? त्यात मासे आणि बदके सोडा. पाणी गावाला थंडावा देईल आणि पावसाचा लोंढाही पोटात घेईल, असा त्यांचा सल्ला होता. दर पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून घरी जाणाऱ्या आपल्या उपनगरवासीयांना हे निराळे समजावून सांगायला नको.

१९१७ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी काळ होऊन आले. ॲलास्टर युद्धावर गेला होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. पंचविशीतला कर्तबगार मुलगा, वडिलांच्या कामाचा वारसदार. ती बातमी आली तेव्हा ॲनाबाई हिंदुस्थानात अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती पत्नीला कळू दिली नाही. पोटात दुःख दाबून ते तिच्याशी बोलत राहिले. जूनमध्ये कलकत्त्याला ॲनाबाईही गेल्या. मुलगा जिवंत आहे याच समजुतीत. इंदूरचे काम त्यानंतरचे आहे. अंगणात लावायला तुळशीची रोपे वाटणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे स्वतःचे घर उद्ध्वस्त झालेले होते, हे त्या मिरवणुकीत कितीजणांना ठाऊक असेल?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा विभाग काढला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. ते बोलत दाढीत, अक्षर वाचता येत नसे, आणि ठरल्या विषयावर ते क्वचितच टिकत. परीक्षेपुरते शिकू पाहणाऱ्यांची तारांबळ उडे. पण त्यांच्या नजरेतून सुटत काही नसे. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विलायतेला पाठवताना निवड गेडिस यांचीच होती. १९२४ मध्ये प्रकृती ढासळल्याने गेडिस मुंबई सोडून गेले आणि घुर्ये यांनी तो विभाग पुढे नावारूपाला आणला.

यानंतर त्यांच्या हातून जे काम झाले, ते आपल्याला सर्वांत जवळचे वाटावे. जाफा या जुन्या बंदराशेजारी वाळूच्या टेकड्यांवर १९०९ मध्ये एक छोटे उपनगर वसले होते, तेल अवीव. येणाऱ्यांचे लोंढे वाढले आणि पंधरा वर्षांत उपनगराचे शहर होऊ लागले. १९२५ मध्ये गेडिस यांनी त्याच्या वाढीचा आराखडा केला, लाखभर वस्ती धरून. कल्पना सोपी होती. मोठी वाहतूक मोठ्या रस्त्यांवरून जाऊ द्या. चार रस्त्यांच्या मधल्या विस्तीर्ण चौकोनात फक्त अरुंद गल्ल्या ठेवा, आणि प्रत्येक चौकोनाच्या पोटात एक सार्वजनिक बाग. म्हणजे मुलाला खेळायला जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये आणि आईला स्वयंपाकघरातून हाक मारता यावी. नाट्यगृह, संगीतसभागृह, संग्रहालय यांसाठी एक उंचवट्याची जागा त्यांनी राखून ठेवली. त्या जागेवर पुढे खरोखरच नाट्यगृह आणि संगीतसभागृह उभे राहिले. आतल्या बागांपैकी बऱ्याच झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत; दोन मजल्यांच्या घरांचे चार मजले झाले. त्या भूमीचा पुढचा इतिहास रक्ताने माखलेला आहे, आणि त्यावर बागांचा उतारा नव्हता. पण वाढीच्या आधी जागा राखून ठेवली की ती मिळते, नंतर शोधली तर मिळत नाही, एवढे त्या आराखड्याने दाखवून दिले.

अखेरची वर्षे गेडिस यांनी दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिये इथे काढली. तिथल्या ओसाड टेकडीवर त्यांनी बाग फुलवली, आणि अर्थातच पुन्हा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले. १९१२ मध्ये नाकारलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक योजना कागदावरच राहिल्या. हिंदुस्थानातले अहवाल दप्तरांत पडले. जमा-खर्च मांडायचा तर बाजू तोट्याचीच दिसेल.

पण हा ताळेबंद मांडतो कोण, यावर ते अवलंबून आहे. नोकरीच्या काळात मी एका वाढत्या उपनगरातल्या शाखेत गृहकर्जाच्या शेकडो फायली तपासल्या. प्रत्येक मंजूर नकाशाच्या कोपऱ्यात ‘आर. जी.’ अशी दोन अक्षरे असत. रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे खेळण्या-बसण्याची मोकळी जागा. मूल्यांकनाच्या अहवालात भिंतीची जाडी असे, लिफ्टची किंमत असे; त्या दोन अक्षरांसमोर आकडा नसे. तिथे काही बांधले नाही म्हणून जागा ‘पडून आहे’ असे म्हणण्याची आपली रीत. संध्याकाळी त्या जागेवर पन्नास पोरे धावतात, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि जे रकान्यात बसत नाही, ते हळूहळू जमिनीवरूनही नाहीसे होते. आधी तिथे सिमेंटच्या गोण्या येतात, मग गाड्या, मग तात्पुरती शेड.

गावाच्या पातळीवरही हेच. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याने शाळा, मैदान, बाग, दवाखाना यांसाठी विकास आराखड्यात जागा आरक्षित ठेवण्याची चांगली सोय केली आहे. पण त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे दहा वर्षांत ती जागा पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या ठराविक मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप उडते. यात मालकाला दोष देता येणार नाही. त्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवणे हाही अन्यायच. अडचण मुदत मोजणाऱ्याची आहे. पालिकेकडे पैसा नसतो, आणि नागरिकाला आपल्या वॉर्डात कुठे काय आरक्षित आहे याचा पत्ता नसतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. म्हणजे साधारण एका बऱ्यापैकी खोलीएवढी. आपल्या वाट्याची ती खोली कुठे आहे, हे आपण कधी विचारले आहे का?

गेडिस असते तर त्यांनी मोर्चा काढायला सांगितले नसते. आधी फिरा, असेच म्हणाले असते. एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन आपल्या वॉर्डातून पायी हिंडावे. कुठे जुनी विहीर आहे, कुठे तळ्याचा उरलेला तुकडा, कुठे वडाचा पार, कुठे पाटी नसलेले कुंपण, हे मुलांनीच वहीत उतरवावे. मग पालिकेच्या नगररचना विभागातला विकास आराखडा पाहून आपली वही त्याच्याशी ताडावी. तो पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ज्या जागेवर हिरवा रंग दिसेल, तिच्या आरक्षणाची तारीखही तेवढी टिपून घ्यावी, म्हणजे दहा वर्षे कधी भरतात ते घरात सर्वांना ठाऊक राहील.